गटाची किल्ली: वाटणे सोपे, बदलणे अवघड

हजारभर सदस्यांच्या गटासाठी सर्व्हरने संदेश एन्क्रिप्ट (म्हणजे कुलूपबंद) करणारी एकच किल्ली तयार करून ती प्रत्येकाच्या सार्वजनिक किल्लीने (जिने बंद केलेले फक्त त्यालाच उघडता येते) एन्क्रिप्ट करून पाठवावी, एवढे पुरेल का, असा आपला प्रश्न आहे. पहिल्या दिवसापुरते ते पुरेल. मात्र अशा योजनेचा कस लागतो तो कोणी गट सोडल्यावर, कारण एकदा दिलेली किल्ली परत घेता येत नाही, ती बदलावीच लागते.

नवा सदस्य येतो तेव्हा काम हलके असते. जुन्या सदस्यांनी चालू किल्लीचा हॅश (ज्यावरून मूळ किल्ली परत काढता येत नाही असे गणित) काढून पुढची किल्ली मिळवावी आणि नवागताला फक्त तीच द्यावी, म्हणजे त्याला मागचे संदेश उलगडता येत नाहीत. सदस्य गेल्यावर ही युक्ती निरुपयोगी ठरते, कारण तोच हॅश त्यालाही काढता येतो. १०२४ जणांच्या गटात मग उरलेल्या १०२३ जणांसाठी नवी किल्ली वेगवेगळी एन्क्रिप्ट करावी लागते. १९९९ च्या आरएफसी २६२७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) यावर दोन-दोन फांद्या फुटणाऱ्या किल्ल्यांच्या वृक्षाचा उपाय दिला आहे: सदस्य पानांवर, गटाची किल्ली मुळाशी आणि प्रत्येकाकडे पानापासून मुळापर्यंतच्या ११ किल्ल्या. एक जण गेला की त्याच्या वाटेवरच्या १० किल्ल्या बदलतात. प्रत्येक नवी किल्ली खालच्या दोन्ही फांद्यांसाठी एकेकदा एन्क्रिप्ट होते, सर्वांत खालची मात्र उरलेल्या एकाच शेजाऱ्यासाठी, त्यामुळे १९ एन्क्रिप्शनांत काम भागते.

अडचण अशी की, या रचनेत सर्व्हरला सगळ्या किल्ल्या ठाऊक असतात, म्हणून खासगी संभाषणासाठी मी ती सुचवणार नाही. तेथे जुलै २०२३ मध्ये आरएफसी ९४२० म्हणून प्रसिद्ध झालेले एमएलएस (मेसेजिंग लेयर सिक्युरिटी, गटसंदेश एन्क्रिप्ट करण्याची प्रमाणित पद्धत) वापरावे. त्यातही वृक्षच आहे, पण बदल करणारा सदस्य आपल्या वाटेवरची गुपिते स्वतः नव्याने निर्माण करतो आणि सर्व्हरकडे फक्त पोहोचवण्याचे काम उरते. (हे सारे स्वतः लिहिण्याच्या फंदात पडू नये, तपासलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोड, घ्यावी.) दोघांनी एकाच वेळी बदल पाठवले तर एकच ग्राह्य धरला जावा, इतका क्रम सर्व्हरला राखावा लागतो. वाटेत अडकलेल्या संदेशांसाठी मागची किल्ली थोडा वेळ ठेवावी आणि नंतर न चुकता पुसावी.

आपल्या योजनेत ओळखीच्या पडताळणीचा उल्लेख नाही, आणि मला तीच उणीव सर्वांत मोठी वाटते. सर्व्हरने एखाद्याच्या नावावर स्वतःचीच सार्वजनिक किल्ली पुढे केली, तर वरचा सगळा खटाटोप व्यर्थ जातो. म्हणून किल्लीचा ठसा (किल्लीवरून काढलेली छोटी ओळखखूण) समोरासमोर किंवा फोनवर ताडून पाहण्याची सोय ॲपमध्ये असावी आणि सदस्ययादीतला प्रत्येक बदल सर्वांना दिसावा.