ब्रँडेड प्रिन्सेस कट हिऱ्याचा कट चांगला आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की शोरूममध्ये १ कॅरेटचा ब्रँडेड प्रिन्सेस (टोकदार कोपऱ्यांचा चौकोनी हिरा) दाखवला आणि 'जीआयएचं (हिरे तपासणाऱ्या अमेरिकी प्रयोगशाळेचं) सर्टिफिकेट, ट्रिपल एक्सलंट', म्हणजे कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्ही उत्तम, असं सांगितलं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. जीआयए कटचा दर्जा गोल ब्रिलियंटलाच, म्हणजे नेहमीच्या गोल हिऱ्यालाच देते. प्रिन्सेस त्यांच्या रिपोर्टवर 'स्क्वेअर मॉडिफाइड ब्रिलियंट' म्हणून येतो आणि त्याला पॉलिश व सिमेट्री एवढेच दोन दर्जे मिळतात. तिसरं एक्सलंट विक्रेत्याने स्वतःहून जोडलंय. या एका गोष्टीवरून काउंटरवाल्यांशी माझा कायमचा वाद आहे. पॉलिश म्हणजे पैलू किती स्वच्छ घासलेत, सिमेट्री म्हणजे ते किती जागच्या जागी आहेत. कोन चुकलेले असतील तर दोन्ही एक्सलंट असूनही प्रकाश खालून गळतो आणि हिरा मधोमध मेलेला दिसतो.

रिपोर्टवरची मापं आधी वाचा: लांबी × रुंदी × उंची. एकाच ट्रेमधले दोन हिरे घ्या, दोन्ही बरोबर १.०० कॅरेट. पहिला ५.३५ × ५.३० × ४.२५ मिमी, दुसरा ५.६० × ५.५५ × ३.८८. उंचीला रुंदीने भागा: पहिल्याची डेप्थ (खोली) ८०.२ टक्के, दुसऱ्याची ६९.९. वरून दिसणारं क्षेत्रफळ दुसऱ्याचं जवळजवळ १० टक्के जास्त, वजन तेच. पहिला ७० टक्क्यांवर कापला असता तर तो ०.८७ च्या आसपास भरला असता. म्हणजे जवळपास १३ सेंट (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) नुसते पोटात आहेत आणि त्यांचे पैसे तुम्ही पूर्ण १ कॅरेटच्या दराने देताय. कारागिराला हे येत नाही असं नाही. अष्टफलकी रफमधून (कच्च्या हिऱ्यातून) चौकोनात वजन चांगलं वाचतं आणि १.०० ला भाव चढतो, म्हणून पोट ठेवलं जातं. 'खोल हिरा भरीव असतो' हे वाक्य जिथे ऐकाल तिथे थोडं थांबा. भरीव तो तराजूवर असतो, बोटात नाही.

माझ्या मते डेप्थ ६४ ते ७५ मध्ये हवी आणि टेबलची, म्हणजे वरच्या सपाट पैलूची, टक्केवारी तिच्याहून कमी. क्राऊनची (हिऱ्याच्या वरच्या भागाची) उंची १० टक्क्यांच्या वर असली तर रंगीत चमक खुलते. टेबल ८० आणि क्राऊन चपटा असेल तर पांढरा भपका मिळतो, पण रंग कमी. क्राऊनची उंची रिपोर्टवर सहसा नसते. सरीनचा स्कॅन (हिऱ्याचे कोन आणि मापं मोजणाऱ्या यंत्राचा) मागा, माल विकणाऱ्याकडे तो बहुधा असतो. खालच्या बाजूचे व्ही आकाराचे थर मोजा. दोन असतील तर ठळक मोठ्या लखलखी, चार असतील तर बारीक चुऱ्यासारखी चमक. कॅरेटखालच्या हिऱ्यात मी दोनच घेईन.

मग एसेट प्रतिमा, म्हणजे हिऱ्यात प्रकाश कुठून येतो ते रंगांत दाखवणारा फोटो. लाल म्हणजे जोरदार परतलेला प्रकाश, हिरवा म्हणजे क्षितिजाकडून आलेला सौम्य, निळा म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्याची सावली, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरं म्हणजे गळती. कोपऱ्यांत थोडा हिरवा असणारच. मधोमध पांढरे डाग दिसले तर तो हिरा नको. एसेट मिळत नसेल तर शोरूमच्या स्पॉटलाइटखालून हिरा बाजूला न्या, मेजाच्या सावलीत किंवा साध्या ट्यूबलाइटमध्ये हातभर अंतरावर धरा आणि हळूच कलता करा. स्पॉटलाइटखाली काचही चमकते.

ब्रँडबद्दल. १९८० च्या सुमारास बेत्सालेल अंबार आणि इस्राएल इत्झकोविट्झ यांनी आणलेला 'क्वाड्रिलियन' हा खरा ब्रँडेड चौकोनी कट होता: नावामागे पैलूंची ठरलेली मांडणी होती. आज 'प्रिन्सेस' हे नाव कुणीही वापरतं, आणि गर्डलवर (हिऱ्याच्या कडेच्या पट्टीवर) लेझरने कोरलेला लोगो कोनांबद्दल काहीच सांगत नाही. ब्रँड याच हिऱ्याची एसेट प्रतिमा आणि सरीन देत असेल तर जास्त पैसे द्या, माहितीपुस्तिकेतली नमुना प्रतिमा दाखवत असेल तर देऊ नका. एजीएस या दुसऱ्या अमेरिकी प्रयोगशाळेने २००५ पासून प्रिन्सेसला प्रकाशावर आधारित कटचा दर्जा दिला, शून्य सर्वोत्तम. ती प्रयोगशाळा २०२२ अखेर जीआयएत विलीन झाली आणि आता जीआयएच्या रिपोर्टसोबत 'एजीएस आयडियल रिपोर्ट' घेता येतो. तो जोडलेला असेल तर माझं वरचं बरंचसं म्हणणं गैरलागू.

आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं: आकडे फक्त वाईट माल गाळतात. ७० टक्क्यांचा हिराही गळका निघतो आणि ७६ चा सुरेख असू शकतो. आणि हिरा सुटा बघा, जडवण्याआधी. प्रिन्सेसचे चारही कोपरे नाजूक; तिथे गर्डल अतिपातळ असेल किंवा आत फेदर (बारीक तडा) असेल तर जडवतानाच कपची उडू शकते, आणि व्ही-प्रॉंग (कोपरा धरणारी व्ही आकाराची पकड) बसला की ती झाकली जाते. १० पट लूपखाली (जवाहिऱ्याच्या भिंगाखाली) चारही कोपरे स्वतः बघा, बिलावर रिपोर्ट नंबर आणि बायबॅकची (हिरा परत विकत घेण्याची) अट लिहून घ्या.