पाटण्याचं शहामृग

प्रश्न: मानववंशशास्त्रातली गोष्ट प्रयोगशाळेत पुन्हा घडवता येत नाही. मग तिला वैज्ञानिक पुरावा का म्हणायचं?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर: तुमच्याच तालुक्यात पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली. एका तुकड्यावर समांतर रेघा आणि त्यांत फुल्याफुल्यांची नक्षी आहे. कार्बनवरून वय निघालं सुमारे २५,००० वर्षं. तो काळ पुन्हा घडवता येत नाही, पण तुकडा पुन्हा तपासता येतो. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, तरी ठामपणे सांगते, विज्ञानाला तेवढं पुरतं. २०१७ मध्ये भारतात सापडलेल्या अशा कवचांचा डीएनए तपासला, तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला.

खोटंही असंच पकडलं जातं. इंग्लंडातली पिल्टडाउनची कवटी १९१२ पासून आदिमानवाची म्हणून मिरवत होती. १९५३ मध्ये तिचं पितळ उघडं पडलं: कवटी माणसाची, जबडा वानराचा, दात घासलेले!

मुलाखतींचं मात्र वेगळं. सातपुड्यातल्या पावरा आजोबांनी सांगितलेली कुळकथा ही त्यांच्या समाजाच्या आठवणीचा पक्का पुरावा. कूळ नेमकं कुठून आलं, याचा नव्हे. त्यासाठी गावोगाव फिरून ताळा घ्यावा लागतो. तो न घेता कोणी एखाद्या जातीचा ‘शास्त्रीय’ इतिहास सांगू लागलं, तर खुशाल हटका.