पहिलीत जाणाऱ्या पोराच्या आईला

अगं एवढं टेन्शन नको घेऊस, माझी दोन्ही पोरं यातून गेलीत. पहिल्या वर्षी मी पण उत्साहात मे महिन्यात तीन-तीन क्लास लावले, स्विमिंग, चित्रकला, अबॅकस, आणि दहाव्या दिवशी लेक रिक्षातच झोपली, ओला टॉवेल हातात तसाच. तेव्हापासून एकच क्लास, तो पण सकाळचा, बाकी आजोळ आणि पत्ते. स्विमिंगला पहिले दिवस रडतातच, तू कडेला उभी राहू नकोस, आईला बघून अजून जोर चढतो.

शाळा साधारण १५ जूनच्या आसपास उघडते (विदर्भात उन्हामुळे अजून उशिरा), म्हणून १ जूनपासूनच झोपायची वेळ रोज १०-१५ मिनिटं अलीकडे आण, एकदम सहाला उठवलंस तर घरात महाभारत. आणि अक्षरं गिरवून घेण्यापेक्षा डबा उघडणं, पॅन्टचं बटण काढणं शिकव, माझा मुलगा पहिल्या दिवशी उपाशी घरी आला कारण नव्या डब्याची क्लिपच उघडेना आणि बाईंना सांगायला लाजला!! युनिफॉर्म एक साईज मोठा घे. रेनकोट मात्र आत्ताच घेऊन टाक, पहिला पाऊस पडला की दुकानात फक्त मोठ्यांचे उरतात.