लागाझुओई: वर रोपवेने जा, खाली भुयारातून उतरा

जुलैअखेर इटलीच्या डोलोमाइट्स डोंगरातल्या कोर्तिना गावात मुक्काम, सोबत बारा वर्षांची लेक, आणि पहिल्या महायुद्धाचे अवशेष व डोंगरातले प्राणी एकाच दिवसात बघायचेत, असं तुम्ही विचारलंय. ट्रे चीमे या तीन सुळक्यांची प्रदक्षिणा सुंदरच आहे, पण एकच दिवस असेल तर मी लागाझुओईचा डोंगर सांगेन.

त्याच्या पायथ्याची फाल्झारेगो खिंड २,१०५ मीटरवर आहे. तिथून रोपवे थेट माथ्याजवळ पोचवतो. बरेच लोक वर फोटो काढून रोपवेनेच परततात. तुम्ही भुयारातून उतरा, कारण या डोंगराची खरी गोष्ट त्याच्या पोटात आहे.

मे १९१५ मध्ये इटली युद्धात उतरली. माथा ऑस्ट्रियाकडे होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इटलीच्या आल्पीनी, म्हणजे डोंगरी लढाईच्या सैनिकांनी ऐन कड्यातली एक अरुंद पट्टी, चेंजा मार्तिनी, काबीज केली आणि दोन वर्षं धरून ठेवली. त्यांना हुसकावायला ऑस्ट्रियन सैन्याने वरून सुरुंग लावून कडाच त्यांच्यावर पाडायचा प्रयत्न केला. इटालियनांनी आतून वर साधारण १,१०० मीटरचं भुयार खोदलं आणि २० जून १९१७ ला सुमारे ३३ टन स्फोटकं उडवली. इतकं करून, त्याच शरद ऋतूत कापोरेत्तोच्या मोठ्या लढाईत हार झाल्यावर सगळी आघाडी सोडून त्यांना मागे हटावं लागलं. ढासळलेल्या दगडांचा शंकू आजही खिंडीतून दिसतो. चढायच्या आधी लेकीला तो नक्की दाखवा.

भुयारात पायऱ्या उंच, ओल्या आणि निसरड्या आहेत. आधाराला लोखंडी दोर आहे. हेल्मेट आणि डोक्याला बांधायचा दिवा हवाच, मोबाईलच्या उजेडावर जाऊ नका. बाहेर ऊन असलं तरी आत गारठा असतो, जॅकेट ठेवा. कातळात जंग्या कोरल्यात. त्यातल्या एकीतून खाली बघा, खिंडीतला रस्ता नेमका समोर येतो आणि ही जागा का हवी होती ते लगेच कळतं. गंजलेली तार, पत्रा दिसला तर उचलू नका. या अवशेषांना २००१ च्या इटालियन कायद्याने संरक्षण आहे, आणि तिथे माणसं मेली आहेत.

प्राण्यांचं म्हणाल तर भुयाराबाहेर पडल्यावर घसारा संपून गवत लागतं, तिथे थांबा. तीक्ष्ण शिट्टी ऐकू आली की मार्मोटने, म्हणजे बिळात राहणाऱ्या मोठ्या खारीने, तुम्हाला पाहिलंय. पाच मिनिटं गप्प बसलात तर तो पुन्हा बिळाबाहेर येतो. लडाखमध्ये पर्यटक त्यांना बिस्किटं चारतात, तसं कृपा करून इथे करू नका. हिवाळाभर झोपायचं असतं त्यांना, चरबी गवतपाल्यावरच साठायला हवी. वरच्या रेफ्यूजपाशी (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरापाशी) पिवळ्या चोचीचे काळे पक्षी घिरट्या घालतात, ते आपल्या हिमालयात दिसणारे चफच. शॅमॉय या डोंगरी बकरीसारख्या प्राण्यासाठी मात्र दुर्बीण आणि नशीब दोन्ही लागतं.

लेकीला अंधाराची भीती वाटत असेल तर समोरच्या चिंक्वे तोर्री या सुळक्यांकडे न्या. तिथले इटालियन खंदक पुन्हा नीट बांधून काढलेत आणि चालणं सोपं आहे. दोन्हीकडे सकाळी लवकर निघा. उन्हाळ्यात दुपारनंतर विजा चमकतात, तेव्हा लोखंडी दोराजवळ असू नये.