सरावात स्कोअर चांगला येतो, स्पर्धेत मात्र हात थरथरतो. मन शांत कसं करू?

अकरावीत आहेस, दहा मीटर एअर रायफल खेळतेस, सरावात 620च्या वर जातेस आणि स्पर्धेत 608च्या आसपास अडकतेस, असं तू लिहिलंयस. बाबा मागे उभे राहून प्रत्येक शॉट मोजतात, हेही. मी पुण्यात मुलांना रायफल शिकवते, आणि तुझ्यासारखी मुलं मला दर मोसमात भेटतात.

मन शांत करायच्या मागे लागू नकोस. स्पर्धेत छाती धडधडणारच, तळहात ओले होणारच. लक्ष्याच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे एरवी जाणवणारही नाही एवढी थरथर तिथे दिसते. ती दिसली की भीती वाटते, मग भीती वाटतेय याचीच भीती वाटते. ही दुसरी भीती टाळता येते. हार्वर्डच्या संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणारे जास्त चांगले बोलले. धडधड तीच, तिला नाव वेगळं.

खरं नुकसान होतं ते लक्ष भलतीकडे गेल्यामुळे. सरावात बोट ट्रिगरवर आपोआप मागे येतं. स्पर्धेत तू त्याच्यावर पहारा ठेवतेस: आता दाबू, नको, आता! ढोल वाजवणाऱ्याने टिपरूकडे बघत बसावं आणि ठेका चुकावा, तसं होतं.

म्हणून लक्षाला ठरलेलं काम द्यायचं. रायफल उचल, गाल टेकव, श्वास घे, सावकाश सोड. श्वास सोडताना ठोके जरा मंदावतात. तो सोडून झाल्यावरच्या नैसर्गिक विरामात शॉट. तेवढ्यात जमलं नाही, तर रायफल खाली. ही खाली घेण्याची हिंमत मला सगळ्यात मोलाची वाटते आणि मुलं नेमकी तिथेच कच्ची असतात. 60 शॉटना 75 मिनिटं असतात, म्हणजे एकेका शॉटला मिनिटाहून जास्त. घाई कुणीही लादलेली नसते, ती आपणच ओढवून घेतो.

वाईट शॉटनंतर काय करायचं तेही आदल्या दिवशीच ठरव. ‘नऊपेक्षा कमी लागला, तर रायफल स्टँडवर, पाण्याचा घोट, मग पुन्हा पहिल्या पायरीपासून.’ त्या क्षणी विचार करायला डोकं जागेवर नसतं, ठरलेलं असलं की हात ते करतात. आपल्या बालेवाडीत सराव केलेला नेमबाज स्वप्नील कुसाळे आठव. त्याचा प्रकार 50 मीटर रायफलचा, गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून मारायचा. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून नेम धरायचे शॉट संपले तेव्हा तो सहावा होता, झोपून मारायचे संपले तेव्हा पाचवा. 451.4 गुणांवर त्याने कांस्य मिळवलं. ती फेरी पुन्हा बघ, पण स्कोअर सोडून त्याच्या दोन शॉटमधल्या हालचाली बघ.

हे सगळं निवांत रेंजवर घोकून मात्र पुरत नाही, दडपण मुद्दाम आणावं लागतं. शेवटचे दहा शॉट मी मुलांना एकेक करून मारायला लावते. बाकीचे मागे उभे राहून टाळ्या वाजवतात, स्पीकरवर गाणी लावतात (मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेरीत संगीत असतंच), हरेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. कधी जिना धावत चढून यायला सांगते आणि लगेच उभं करते. धडधडत्या छातीने दहा लागतो हे एकदा स्वतः पाहिलं की माझं व्याख्यान लागत नाही. आठवड्यातून एकदा तरी असं कर, मैत्रिणींना मागे उभं कर.

आणि वेळेआधी पोच. विद्यापीठ चौकातल्या कोंडीतून धावतपळत आलेल्या मुलीचे पहिले काही शॉट श्वास जागेवर आणण्यातच जातात.

राहिले बाबा. त्यांना स्पर्धेच्या दिवशी काही सांगू नकोस, या आठवड्यात सांग, शक्य तर तुझ्या प्रशिक्षकांसमोर. त्यांना एक काम नेमून दे: डबा, पाणी, परतीची गाडी. स्कोअर विचारायचा तो घरी जेवण झाल्यावर. बहुतेक पालक हे ऐकतात. मागे उभं राहून त्यांनाही धडधडतच असतं.