‘सेटल्ड’ हा शेरा बदलता येतो का?

प्रश्न : २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतील माझ्या चपलांच्या दुकानात पाणी शिरले, माल भिजला आणि वैयक्तिक कर्जाचे हप्ते थकले. पुढे बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवले. आता टेम्पोसाठी कर्ज मागितले, तर सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारे गुण) आडवा येतो. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पुरात तुमचा दोष नव्हता, परंतु बँका पाहतात त्या पतअहवालात (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत) पूर दिसत नाही, त्या खात्यापुढे केवळ ‘सेटल्ड’ हा शेरा दिसतो आणि ‘पूर्ण रक्कम आली नाही’ असाच त्याचा अर्थ बँका घेतात. म्हणून, जमत असल्यास, सोडलेली रक्कम भरण्याची तयारी त्या बँकेला लेखी कळवा, भरल्यावर ‘नो ड्यूज’ (काही देणे बाकी नाही) दाखला घ्या आणि खाते ‘क्लोज्ड’ असे नोंदवण्याचा आग्रह धरा. माझ्या मते सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

त्यानंतर स्कोअर सुधारण्यासाठी मुदत ठेव तारण ठेवून क्रेडिट कार्ड घ्या; मर्यादा २०,००० रुपये असेल, तर पाच-सहा हजारांपुढे न जाता प्रत्येक बिल मुदतीत पूर्ण भरा. तोवर कर्जासाठी चार ठिकाणी अर्ज करू नका, कारण प्रत्येक चौकशीची अहवालात नोंद होते.

सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात चूक आढळल्यास तक्रार करा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसे घेऊन स्कोअर वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला मात्र कृपया एक रुपयाही देऊ नका.