कडू कवठाचं तेल आणि ग्रँटचे भाऊ

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरीणबाईंची उत्तरं

प्रश्न : माझी पुतणी ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. तिची आजी तिला सांगते, "आपल्या कडू कवठाच्या तेलान रक्तपिती बरी व्हायची. ता मुंबयच्या जेजेतल्या आपल्याच बाजूच्या डॉक्टरान शोधून काढल्यान." पुतणी म्हणते, पुस्तकात असलं काही नाही. दोघींचं रोज वाजतं. तुम्ही जेजेला लागून असलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलात हे मागे वाचलं होतं, म्हणून विचारतो. — एक वाचक, कुडाळ

उत्तर : आजींचं बरंचसं खरं आहे. रक्तपिती म्हणजे कुष्ठरोग. फक्त "शोधून काढल्यान" हे खरं नाही. तेल आपल्या लोकांना आधीपासून ठाऊक होतं.

तो डॉक्टर म्हणजे भाऊ दाजी लाड. जन्म १८२२ चा, पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचा. शिरोड्यावरून तेरेखोलची खाडी ओलांडली की मांद्रे काही लांब नाही, तेव्हा "आपल्याच बाजूचा" हे आजींचं म्हणणं अगदी रास्त आहे. बिऱ्हाड मुंबईला गेलं. पोराची बुद्धिबळातली चमक बघून एका इंग्रज गृहस्थानं वडिलांना, याला इंग्रजी शिकवा, असं सांगितलं. भाऊ एल्फिन्स्टनमध्ये शिकले, तिथंच शिकवायला लागले आणि १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं तेव्हा मास्तरकी सोडून पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले. १८५१ मध्ये पहिले आठ जण पास होऊन बाहेर पडले, त्यांत भाऊ होते. पुढं प्रार्थना समाज स्थापन करणारे आत्माराम पांडुरंगही त्याच आठांतले.

पुतणीला एक सांगा. ग्रँट हा डॉक्टर नव्हता, मुंबईचा गव्हर्नर होता, आणि कॉलेज उभं राहायच्या आधीच, १८३८ मध्ये, वारला. शेजारचं रुग्णालय, म्हणजे जे.जे., जमशेटजी जीजीभॉय यांच्या लाख रुपयांच्या देणगीतून झालं. शिकणारी मुलं आणि खाटेवरचा रोगी एकाच आवारात, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. त्याआधी १८२६ मध्ये मुंबईत एक वैद्यकशाळा निघाली होती. तिथं देशी भाषांतून शिकवत, मराठीत पुस्तकंही करून घेतली होती. ती १८३२ मध्ये बंद पडली. मला त्या शाळेची फार हळहळ वाटते.

आता तेल. कडू कवठ आपल्या वहाळांच्या काठानं वाढतं. फळ कवठासारखं गोल, आत बिया. त्या बियांचं तेल म्हणजे गोव्याकडचं खष्टेल. दिव्यात घालायचं, गुरांच्या जखमांवर लावायचं, माणसाच्या खरजेवर लावायचं. फळं पाण्यात पडली की मासे ती खातात आणि मग ते मासे खाल्ले की माणसाला उलट्या होतात. म्हणून आमच्याकडची म्हातारी माणसं त्या दिवसांत तिथले मासे घेऊ देत नसत. भाऊंनी हे घरगुती तेल उचललं आणि कुष्ठरोग्यांना देऊन बघितलं. रोगी त्यांच्याकडे लांबून लांबून येत, आणि पुष्कळांना उतार पडला. औषध झाडाचं, वापर लोकांचा. भाऊंनी काय केलं, तर शिकलेल्या डोळ्यांनी रोगी महिनोन् महिने तपासत राहिले.

पण या गोष्टीतली मला सलणारी बाजूही सांगते. त्यांनी त्या उपायाची सगळी हकीकत छापली नाही. किती तेल, किती दिवस, कुणाला गुण आला, कुणाला नाही, हे लोकांपुढं मांडायच्या आतच ते आजारी पडले आणि १८७४ मध्ये गेले. त्यांच्या हाताशी जे होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. नाणी, ताम्रपट, शिलालेख यांवर एवढं लिहिणारा माणूस, आणि औषधाचं मात्र राहून गेलं.

त्याच कॉलेजात दुसरी रीतही होती. हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये तिथं शरीररचना शिकवायला आले. 'ग्रेज ॲनाटॉमी' या शरीररचनेच्या पुस्तकातली मूळ चित्रं त्यांच्या हातची, तेव्हा पुतणी त्यांना नकळत रोज भेटत असणार. ते १८७३ मध्ये थेट नॉर्वेत जाऊन कुष्ठरोगाचे जंतू पाहणाऱ्या हॅन्सनना भेटले आणि पाहिलं ते छापून आणलं. सखाराम अर्जुन कॉलेजच्या देशी भाषांच्या वर्गात शिकवत. त्यांनी मुंबईच्या बाजारातल्या औषधी द्रव्यांची यादी करून छापली. आणि प्लेग आला तेव्हा त्यावरची लस करणारे हाफकिन! १८९६ मध्ये आले, कॉलेजातली एक खोली आणि व्हरांडा एवढीच जागा मिळाली, आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले किती, न टोचलेले किती, दोन्हींतले आजारी किती, सगळं मांडून ठेवलं. म्हणून ती लस हाफकिन गेल्यावरही उरली.

आमच्या वेळी, १९७० च्या दशकात, त्वचारोगाच्या ओपीडीत एक सर होते. ते आधी पुस्तक उघडू देत नसत. रोग्याचा हात आपल्या हातात घ्यायचे, कोपराच्या मागं माझं बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "दाब. सुतळी लागते का?" कुष्ठरोगानं जाड झालेली शीर, म्हणजे मज्जातंतू, बोटाखाली सरकली ती मी आजतागायत विसरलेले नाही. मग म्हणायचे, "आता लिही. आज लिही, उद्या नाही." माझ्या त्या वह्या अजून माळ्यावर आहेत.

तेव्हा पुतणीला म्हणावं, भाऊंचा उपाय पुस्तकात नाही याचं एक कारण तो कुणी पुरता लिहिला नाही हे आहे. आजींना तेल कसं काढत, कुणाला लावत, किती दिवस, हे सगळं विचारून तिनं या दिवाळीच्या सुट्टीत लिहून काढावं. आजी सांगतायत तोवर.

प्रश्न : पूर्वी वेंगुर्ल्याहून बोटीनं गेलं की भाऊच्या धक्क्याला उतरत. तो धक्का याच भाऊंच्या नावाचा ना? — एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. तो भाऊ अजिंक्य यांचा. भाऊ दाजींचं नाव आहे ते राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला. त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता, आणि १९७५ पासून ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. मुंबईला गेलात तर बघून या. तिथून जे.जे. बसनं जवळच आहे.

प्रश्न : यजमानांच्या मनगटावर फिकट चट्टा आला आहे. खाजत नाही, दुखत नाही. सासूबाई म्हणतात खष्टेल लावा. लावू का? — एक वाचक, देवगड

उत्तर : नको. खाजत नाही, दुखत नाही, हेच मला काळजीचं वाटतं. कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो.

मी आरोग्य केंद्रात असताना रापणीवरचा एक माणूस आला होता. दोन वर्षं मनगटावरच्या चट्ट्याला तेल चोळत होता. शेवटी आला तो चट्ट्यासाठी नाही, चुलीवर बोटं भाजली होती आणि त्याला कळलंच नव्हतं. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेली. मी रागावले तर म्हणाला, "डॉक्टरीणबाय, ह्यां दुखना नाय मा, म्हणान दाखवूक इलंय नाय." कोपरामागं बोट ठेवलं. तीच सुतळी. औषधानं त्याचा रोग गेला, बोटं मात्र सरळ झाली नाहीत. दोन वर्षं आधी आला असता तर झाली नसती वाकडी.

तेल वाईट नाही. चालमोगरा म्हणून या जातीच्या झाडांचं तेल जगभर चाललं. १९१५ च्या सुमाराला हवाई बेटांवर ॲलिस बॉल नावाच्या तरुण मुलीनं ते सुईतून देता येईल असं रूप शोधलं. तीही ते छापायच्या आधी, चोविसाव्या वर्षी गेली, आणि पुढं दुसऱ्यानं ते आपल्या नावावर खपवलं. पण त्या तेलानं सगळ्यांना गुण येत नसे, आणि सुया फार दुखत. १९४० नंतर सल्फोन गोळ्या आल्या, १९८० च्या दशकात रिफाम्पिसिन या जंतू मारणाऱ्या औषधासह एकत्र औषधं आली, आणि तेलाची गरज संपली. रिफाम्पिसिन सुरू झालं की रोगी थोड्याच दिवसांत दुसऱ्याला रोग देण्याजोगा राहत नाही. त्यामुळे यजमानांना वेगळं ताट, वेगळं अंथरूण काही करायचं नाही. रोग निघालाच तर सहा महिने किंवा वर्षभर गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

हा चट्टा कुष्ठरोगाचाच असेल असं मी इथं बसून म्हणत नाही. गजकर्ण, शिबं, कोड, काहीही असू शकतं. पण या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. डॉक्टर कापसाचं टोक चट्ट्यावर टेकवतील. यजमानांनी डोळे मिटून, कुठं लागलं ते बोटानं दाखवायचं. आणि जाताना चट्ट्याला काही चोळून जाऊ नका, कातडी जशी आहे तशी दिसू दे.